बेवारशी फळी

ज्या बाटलीवर नाव नाही ती माझी, असा आमच्या प्रयोगशाळेत नियम होता आणि तो मीच केला होता. कोल्ड रूममध्ये डाव्या हाताला तळाची फळी. पीएच.डी.चं एखादं पोर घाईघाईत बाटली भरतं, नाव-तारीख न घालता तशीच ठेवून कँटीनला पळतं आणि आठवड्यानं माझ्यापुढे येऊन रडतं, "देविका मॅडम, माझं बफर कुणी टाकलं?" म्हणून बिननावाचं काहीही सापडलं की मी ते त्या फळीवर ठेवायची, वर सापडल्याची तारीख घालायची आणि आठ दिवस वाट बघायची. आठव्या दिवशी संध्याकाळी सिंकमध्ये. पोरं तिला 'ऑर्फनेज' म्हणायची, मी बेवारशी फळी म्हणायची.

मी तिथं टेक्निकल असिस्टंट. वडील पेरंबूरच्या रेल्वे डब्यांच्या कारखान्यात फिटर होते, मूळचे साताऱ्याकडचे. मी जन्मले-वाढले चेन्नईतच, पण घरात मराठीशिवाय दुसरं बोललं की आई वाढायची थांबायची, त्यामुळे मराठी शाबूत राहिली. लग्न एकदा ठरलं होतं, त्यांनी मोडलं. कारण दिलं की मुलीचं तोंड फटकळ आहे. खोटं कशाला बोलू, आहेच. त्याला आता दहा वर्षं झाली होती आणि मी सदतिशीला आले होते.

सेतुमाधवशी माझी पहिली ओळख त्याला झापतानाच झाली. तो नुकताच पीएच.डी.ला लागला होता, सत्तावीस वर्षांचा होता. आमचं काम असं की पेशीतली प्रथिनं एका पातळ पडद्यावर उतरवायची, मग त्यातलं आपल्याला हवं ते नेमकं अँटीबॉडीनं शोधायचं. अँटीबॉडी भलतीकडे चिकटू नये म्हणून पडद्याची मोकळी जागा आधी दुधाच्या पावडरीनं झाकतात. सगळीकडे चालतं ते. पण ज्या अँटीबॉडीनं प्रथिनावरचं फॉस्फेट ओळखायचं, तिथं दूध चालत नाही, कारण दुधातल्या केसिनवरच फॉस्फेटं बसलेली असतात. यानं दूध घातलं आणि पडद्याची एक्स-रे फिल्म काढली तर ती तव्याच्या बुडासारखी काळी. चार दिवसांचं काम वाया. मी पाचजणांदेखत त्याची बिनपाण्यानं केली, तीही इंग्रजीत, म्हणजे सगळ्यांना कळावी.

तो शांतपणे ऐकत होता. मी संपवलं तेव्हा मराठीत म्हणाला, "चूक जाहली, अक्का. पुन्हा होणार नाही."

जाहली. मी बघतच राहिले. तो तंजावरच्या मराठ्यांपैकी, आता मैलापुरात तळ्याच्या मागच्या गल्लीत आईबरोबर राहणारा. तीनशे वर्षांपूर्वी त्याचे पूर्वज इकडे आले आणि येताना आणलेली मराठी त्यांनी तशीच वापरली, वर तमिळचा हेल. मी विचारलं, "ही भाषा कुठल्या संग्रहालयातनं उचललीस?" तर म्हणाला, "तुमची टीव्हीवरनं उचललीत कीं काय?" मला कुणी उलटून बोललेलं खपत नाही. पण त्या दिवशी बसमध्ये मी एकटीच हसत होते.

त्यानंतर चार वर्षं आम्ही एका बाकावर काम केलं. तो काम करायचा ते एखाद्या जपून संसार करणाऱ्या बाईसारखं. थेंब सांडायचा नाही, नळीवर नाव घातल्याशिवाय नळी खाली ठेवायचा नाही. अक्षर इतकं बारीक की मी चिडायची. हळूहळू माझ्या लक्षात आलं की याचं 'अक्का' बंद झालंय. देविका म्हणत नव्हता, मॅडम म्हणत नव्हता, नुसतं "हें पाहा" किंवा "ऐकलंत कां". बाकीच्या सगळ्यांना अक्का, मला काहीच नाही. मी त्यावर किती रात्री पडल्या पडल्या विचार केला असेल ते सांगत नाही. मनातले मांडे खायला पीठ लागत नाही.

बोलायची सोय नव्हती. मी सहा वर्षांनी मोठी. तो वैष्णव घरातला, आई सोवळ्यातली, मठातल्या स्वामींना विचारल्याशिवाय भाजीही न चिरणारी. तो उद्याचा डॉक्टर, मी टेक्निकल असिस्टंट. आणि सगळ्यांत मोठी अडचण म्हणजे माझी जीभ. झापायला ती घोड्यासारखी धावते आणि दोन मऊ शब्द बोलायची वेळ आली की पेंड खायला थांबते.

आता त्या अँटीबॉडीचं सांगते, कारण सगळं तिच्यावरच आलं. सेतूच्या प्रथिनाला बाहेरून इशारा मिळाला की त्याच्या एका विशिष्ट जागी फॉस्फेट बसायचं, आणि मग ते कामाला लागायचं. साधी अँटीबॉडी फक्त सांगते की घरात माणूस आहे. आम्हाला हवी होती ती सांगणारी की माणूस जागा आहे की झोपलाय. ही जागा सेतूनंच शोधलेली, त्यामुळे असली अँटीबॉडी जगात कुठं विकत मिळत नव्हती. आम्ही दोन सशांना त्या जागेचा फॉस्फेटवाला तुकडा टोचून ती बनवायला घेतली. एका सशाच्या रक्तात काही उतरलंच नाही. दुसऱ्याच्या उतरलं, पण तोही शेवटचं रक्त दिल्यावर पंधरा दिवसांत गेला. हातात उरला त्याच्या रक्तातून निथळलेला तेवढा सिरम, चाळीस मिलिलिटर. प्रत्येक सशाची अँटीबॉडी वेगळी असते. तो गेला की ती पुन्हा तशीच मिळत नाही.

आणि जर्मनीतल्या एका मोठ्या प्रयोगशाळेनं सेतूला नोकरी देऊ केली होती, ती त्या अँटीबॉडीसकट. कृष्णवेणी मॅडम, म्हणजे आमच्या प्रमुख, त्यांचा पेपरही तिच्यावर अडला होता. अँटीबॉडी झाली तर पेपर, थिसिस आणि जानेवारीत विमान. नाही झाली तर नवा ससा, निदान सहा महिने, आणि जर्मनीवाले तोवर दुसरा माणूस घेणार. मग तो इथंच मॅडमच्या प्रोजेक्टवर राहणार, माझ्या बाकावर. दोन हजार पाच सालचा ऑक्टोबर होता. मी देवाला काय मागत होते ते मलाच नीट ठाऊक नव्हतं.

सिरम स्वच्छ करायची रीत उलटी होती. एरवी कुठल्याही कॉलममध्ये, म्हणजे गाळायच्या उभ्या नळीत, जे चिकटतं ते आपलं आणि जे खाली गळतं ते टाकायचं. इथं पहिल्या कॉलममध्ये प्रथिनाच्या त्याच जागेचा, पण बिनफॉस्फेटचा तुकडा लावलेला. नको असलेल्या अँटीबॉडी तिथं चिकटून राहणार, हव्या त्या गळून खाली येणार. गळालेलं जपायचं, मग दुसऱ्या कॉलममधून न्यायचं. ही कृती सेतूनंच कागदावर लिहून कोल्ड रूमच्या दाराला चिकटवली होती आणि 'गळालेलं टाकू नये' याखाली लाल रेघ मारली होती.

मंगळवारी सकाळी त्यानं पहिला कॉलम लावला. जेवणानंतर मी धुवायच्या भांड्यांचा ट्रे आवरायला गेले, तर त्यात एक फ्लास्क, पिवळट पाणी भरलेलं, नाव नाही. त्या दिवशी तिघं कॉलम लावून बसले होते, कुणाचंही असेल. मी एक शिवी हासडली, ते बाटलीत ओतलं, सडू नये म्हणून चिमूटभर एझाइड घातलं, तारीख घातली आणि फळीवर ठेवून दिलं. हाताची सवय, डोकं त्यात नव्हतंच.

बुधवारी सकाळी मॅडमच्या खोलीतून आवाज आला. सेतू म्हणत होता की त्यानं चिकटलेलं ठेवलं आणि गळालेलं गेलं. सवयीनं, म्हणे. म्हणजे हाताशी उरली ती माणूस घरात आहे एवढंच सांगणारी अँटीबॉडी. चाळीस मिलिलिटर सिरम, मेलेला ससा, दीड वर्ष.

मी आत शिरले आणि तोंडाला येईल ते बोलले. दारावर लाल रेघ मारणारा तूच ना, डोळे काय गहाण ठेवले होतेस, जर्मनीचं वारं आत्तापासूनच डोक्यात गेलं काय. मॅडमसुद्धा म्हणाल्या, "इनफ, देविका." तो मान खाली घालून उभा होता. पण मी चिडले होते ती खरी भीतीनं, कारण आतमध्ये कुठंतरी मला आनंद झाला होता आणि तो चेहऱ्यावर येईल की काय असं वाटत होतं.

दुपारी, ताक पिताना, मला ती बाटली आठवली.

मी उठून गेले नाही. डबा संपवला, डबा धुतला, मग गेले. बाटली तिथंच होती. माझ्याच अक्षरातली तारीख, मंगळवार. त्याचंच असेल असं नाही, मी स्वतःला समजावलं. गुरुवारी सगळे सेमिनारला गेल्यावर मी एक थेंब काढून तपासणी केली. पडद्यावर दोन ठिपके, एक फॉस्फेटवाल्या तुकड्याचा, एक बिनफॉस्फेटच्या. फिल्मवर पहिला ठिपका कुंकवाएवढा ठसठशीत आला आणि दुसऱ्या जागी काहीही नाही. इतकी स्वच्छ अँटीबॉडी मी नोकरीत पाहिली नव्हती. ती फिल्म मी घडी करून पर्समध्ये घातली.

आता मला काही करावंच लागणार नव्हतं. काही न करता बसले असते तरी पुढच्या मंगळवारी माझाच नियम ती बाटली सिंकमध्ये ओतायला मोकळा होता. कुणी बोट दाखवलं नसतं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

आणि ते दिवस. काय सांगू. सेतूला मी कधी इतका मोकळा पाहिला नव्हता. एवढं नुकसान झालेला माणूस, पण सकाळी येताना मैलापुरातून माझ्यासाठी केळीच्या पानात बांधून गरम अधिरसम, म्हणजे इकडचे अनारसेच, आणायचा. शनिवारी काम लवकर संपलं तर म्हणाला, "हें पाहा, सभेत गाणं आहे, याल कां?" सभा म्हणजे इकडे गाण्याचं सभागृह. मी गेले. तो तालावर मांडीवर हात मारत होता आणि मी त्याच्या हाताकडे बघत होते, गाण्याचं मला काही आठवत नाही. बाहेर येऊन कॉफी पिताना म्हणाला, "नवा ससा सांगितला आहे. उन्हाळ्यापर्यंत इथंच आतां." मग माझ्याकडे बघितलं आणि बराच वेळ बघतच राहिला. मी म्हटलं, "साखर जास्त झालीय."

घरी आई म्हणाली, "काय गं, दोन दिवस गुणगुणतेस?" मी म्हटलं, "घसा खवखवतोय." आईनं पुढं विचारलं नाही, पण रात्री माझ्या ताटात आपल्यातली अर्धी पुरणपोळी टाकली. सणवार काही नसताना तिनं ती का केली होती ते मी विचारलं नाही.

रविवारी मला झोप लागली नाही. हा माणूस माझ्या डोळ्यांपुढे सदतीस वर्षांचा होईल, प्रोजेक्ट असिस्टंट म्हणून दरवर्षी मुदतवाढीचा अर्ज करील, आणि मी रोज त्याच्याशेजारी बसून त्याचा डबा बघेन. मला तो हवा होता. पण चोरून ठेवलेलं माणूस आपलं कसं म्हणायचं? त्याला एक दिवस कळलं तर? न कळताही मला तर रोज कळणारच होतं. पहाटे मी ठरवलं आणि ठरवल्यावर स्वतःचं फार कौतुक वाटलं. हे विशेष सांगते, कारण त्या कौतुकाचीच मला पुढं लाज वाटली.

सोमवारी, सातव्या दिवशी, मी बाटली आणि ठिपक्यांची फिल्म त्याच्यापुढे ठेवली. "घे. तुझं गळालेलं. धुवायच्या ट्रेमध्ये होतं. देवाला नारळ फोड आणि दुसरा कॉलम लाव."

मला वाटलं होतं तो उडी मारेल, निदान हसेल. त्यानं बाटली उचलली, तारीख वाचली. माझ्याकडे बघितलं तेव्हा त्याचं तोंड रडवेल्या मुलासारखं झालं होतं. "सरी," एवढंच म्हणाला. आमच्याकडे 'बरं' म्हणतात तसं. मी समजले, धक्का बसलाय बिचाऱ्याला.

पुढचे तीन आठवडे तो राबला. मॅडम हवेत होत्या. जर्मनीचं तिकीट आलं, सतरा जानेवारीचं. अधिरसम बंद झालं. मी म्हटलं, कामात आहे.

डिसेंबरच्या मध्यावर एका दुपारी शेवटची फिल्म काढायला आम्ही डार्करूममध्ये होतो. लाल दिवा, दोघांपुरती जागा. डेव्हलपरमध्ये फिल्म हलवताना पट्टी वर आली. इशारा मिळालेल्या पेशींच्या रांगेत काळीभोर, न मिळालेल्यांच्या रांगेत कोरी. पेपरात जशीच्या तशी छापावी अशी. त्यानं ती फिक्सरमध्ये सोडली.

"अरे, मग तोंड का असं?" मी विचारलं.

"ट्रेमध्यें तो फ्लास्क मी ठेवला होता," तो म्हणाला. "चुकून नव्हे."

मला आधी काही कळेचना.

"तुमची फळी मला ठाऊक नाहीं कां? चार वर्षं पाहतों आहें. नांव न घालतां ठेवलं म्हणजे तुमच्या हातीं जातं, आठ दिवस राहतं. ओतून द्यायला मला धीर झाला नाहीं. म्हटलं, आठ दिवस तुमचे. मी इथं राहावं असं तुम्हांस वाटलं तर ती बाटली सिंकांत जाईल. नसेल वाटत तर आणून द्याल." त्यानं फिक्सरमधली फिल्म उलटी केली. "तुम्ही सातव्या दिवशीं आणून दिलीत."

"मला काय माहीत तू..." माझा आवाज चढला. "असलं कुणी बाटलीला विचारतं? तोंड काय झालं होतं तुझं?"

"तोंडानं सांगणारच होतों. मॅडमच्या खोलींत तुम्ही आलांत आणि सगळ्यांदेखत बोललांत. एवढा जपून काम करणारा माणूस चुकला कसा, एवढं एक पुसलं असतंत तर तिथंच सांगितलं असतं."

अगदी खरं होतं. एवढा जपून काम करणारा माणूस. ते मला सोडून दुसऱ्या कुणाला ठाऊक होतं?

"आतां विचारतों," तो म्हणाला. "तिकीट परत करतां येतं. आईला मी पाहीन. राहूं?"

राहा. दोन अक्षरं. लाल उजेडात त्याचा चेहरा नीट दिसत नव्हता, पण तो श्वास धरून उभा आहे हे कळत होतं. माझ्या डोक्यातून त्याची आई गेली, मॅडम गेल्या, सहा वर्षं गेली, ते सगळे दिवस गेले. मी तोंड उघडलं आणि मला माझाच आवाज ऐकू आला. "आधी ती फिल्म फिक्सरमधनं काढ. आणि नळाखाली दहा मिनिटं धू नीट, नाहीतर पिवळी पडेल."

त्यानं काढली. नळ सोडला. भिंतीवरच्या घड्याळाकडे एकदा बघितलं आणि फिल्म पाण्याखाली धरून उभा राहिला. मी त्याच्याशेजारी उभी होते, कोपराला कोपर लागेल इतकी जवळ. दहा मिनिटं काही थोडी नसतात. तेवढ्या वेळात शंभरदा म्हणता आलं असतं, आणि तो सावकाश धूत होता, दोन्ही बाजू, पुन्हा पुन्हा. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि लाल दिव्यात ते दिसत नाही याचा मला आधार वाटत होता. दहाची बारा मिनिटं झाली तरी त्यानं नळ बंद केला नाही. मग केला. फिल्म झटकली, दोरीला चिमट्यानं अडकवली आणि हात पुसत म्हणाला, "वाळल्यावर मॅडमना द्याल कां?"

मी म्हटलं, "देते."